जिनाने निवडलेले तळवे

उजाडतंय न उजाडतंय तोच मोंबासातल्या मिकोकोनी बागेच्या फाटकाशी टुकटुकांची, म्हणजे तीनचाकी रिक्षांची रांग लागायची. कुणाच्या काखेत काळा कोंबडा, कुणाच्या डोक्यावर निखाऱ्यांचं धुपाटणं, कुणाच्या पाठीवर सासू. आत पाऊल टाकायच्या आधी सगळे चपला काढायचे, पितरांच्या देवराईत शिरताना काढतात तशा. मग तो सगळा लोंढा सुरूच्या झाडांमधून अनवाणी चालत पार टोकाच्या कडुनिंबापाशी जायचा.

तिथे प्रोफेसर तुंजे उभे. अंगात हिरवा झगा, गळ्यात कवड्या, हातात गाईच्या शेपटीची चवरी. नाव विचारलं की एका दमात सांगायचे, "जिनांच्या पेंबा बेटाचे प्रोफेसर तुंजे! साखर, ब्लडप्रेशर, पोटातला गोळा, परदेशाचा व्हिसा, हरवलेला नवरा आणि न हरवलेला नवरा, सगळ्यांवर इलाज!"

एका म्हातारीने विचारलं, "न हरवलेल्यावर काय इलाज?"

"तो हरवतो, आजी."

गर्दी खदाखदा हसायची. हसलेल्या माणसाचा खिसा सैल होतो, हे त्या मेल्याला बरोब्बर ठाऊक होतं.

मग प्रोफेसर आवाज उतरवून सुरू करायचे. "ही जमीन कुठून आली, सांगा? इथे खाडी होती. खाडीत जिनसाहेबांचं घर होतं. शहराने त्या घरावर भराव टाकला. विचारलं? नाही. नोटीस दिली? नाही. तुमचं घर असं पाडलं तर तुम्ही तापाल की नाही?"

"तापू!" गर्दी ओरडायची.

आणि का नाही ओरडणार? गर्दीतल्या निम्म्या लोकांची घरं कधी ना कधी अशीच पहाटे येऊन पाडली होती. पत्रे एकीकडे, भांडी दुसरीकडे, पोरं रस्त्यावर. जिनाची कर्मकहाणी ऐकून बायका अंगावर गुंडाळलेल्या लेसोच्या पदराने डोळे पुसायच्या. आपल्यासारखाच बेघर झालेला बिचारा! मोंबासात एवढी माया कुठल्या जिनाच्या वाट्याला आली नसेल.

मग तुंजे धुपाटण्यात मूठभर ऊद टाकायचा, ते धुपाटणं कडुनिंबाच्या बुंध्याशी टेकवायचा, आणि भक्क! उघड्या मातीतून निळसर ज्योत. खाली लाकूड नाही, रॉकेल नाही, काही नाही. बायका जिभा हलवून अशा किलकाऱ्या फोडायच्या की सुरूंवरचे कावळे उडून थेट फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन बसत.

"उठले! जिनसाहेब उठले! चहा न घेता उठले!"

ज्योत जरा नाचू द्यायची, मग ओल्या गोणपाटाने दाबायची, गोणपाट ओढून घ्यायचं. माती वाफाळत असायची. "आता या. ज्याच्या रक्तातली साखर जिनसाहेबांनी चाखली, त्याचे पाय पोळणार नाहीत. जो उडी मारेल, त्याची श्रद्धा कच्ची."

एकेक जण पाय ठेवायचा आणि "आई गं!" करून बाजूला. लोक हसायचे, कच्चा, कच्चा. टुकटुकवाला बकारी तर असा उडाला की थेट दुसऱ्याच्या कोंबड्यावर पडला.

मग पुढे आली माझी मैत्रीण कादझो. लठ्ठ, ठेंगणी, हाताला अजून पीठ लागलेलं. त्या वाफाळत्या मातीवर जाऊन उभी राहिली, अशी की घरच्या चटईवर उभी आहे. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. उलट प्रोफेसरलाच म्हणाली, "अजून किती वेळ? माहाम्री तळायचं पीठ भिजवून आलेय, फुगून उतू जाईल."

सगळी बाग थरारली. तुंजे तिच्या पायांशी चक्क वाकला. "निवडली! जिनसाहेबांनी हिला निवडली!"

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मी मेजुमा, मला या काठावर सगळे थापाडी म्हणतात. खोटं नाही म्हणत. माझ्या आज्याने शार्कला मिशी धरून ओढत आणलं होतं, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच ती मिशी आठवते. पण माझी थाप ऐकून माणूस हसतो, चहा पितो, घरी जातो. मी कुणाला चपला काढायला लावत नाही. आणि आयुष्यभर थापा मारल्या ना, की दुसऱ्याची थाप शिजताना वास येतोच नाकाला.

वासाचं पुढे सांगते. आधी कादझोचं.

ती आणि मी एकाच गल्लीत म्हाताऱ्या झालो. ती गिरियामा जमातीची, मी दिगो, भांडण रोजचं. तिला साखरेचा आजार, मला ब्लडप्रेशर. दवाखान्यातल्या डॉक्टर न्येवूने दोघींना सांगितलं होतं, गोळ्या घ्या आणि रोज चाला. न्येवू आमच्याच वस्तीतली पोर, कादझोच्या माहाम्री खाऊन डॉक्टर झालेली, म्हणून तिचं ऐकायचो. नाहीतर चालायला जाते कोण? आमच्या आया पाण्यासाठी चालल्या, सरपणासाठी चालल्या. चालण्यासाठी चालणं ऐकून आधी आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो.

पण मिकोकोनी आवडली. पूर्वी तिथे तिवरांची खाडी होती, मी तिथे खेकडे धरलेत. मग शहराने सगळा कचरा तिथे ओतला. गाद्या, मासळीची आतडी, मेलेली कुत्री, लग्नांचं उष्टं, सगळं. डोंगर झाला. त्यावर माती घातली, सुरू लावले, कडुनिंब लावले, वळणावळणाच्या पायवाटा केल्या आणि फलक लावला की हे जंगल आहे. आता खरंच जंगल झालंय. पक्षी येतात, माकडं येतात, लपून प्रेम करणारी पोरंही येतात.

पायवाटेच्या कडेला ठिकठिकाणी जमिनीतून पांढरे पाइप वर आलेत, माणसाच्या उंचीचे. त्यांना सडक्या अंड्यासारखी घाण यायची. विशेषतः टोकाच्या वळणावर, कडुनिंबाच्या मागे. तिथे आलं की आम्ही लेसो नाकाला लावून पळत सुटायचो.

"हे काय गं असतं?" कादझोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"खाली राक्षस निजलाय," मी म्हटलं. "साऱ्या मोंबासाचं उष्टं खाऊन फुगलाय. हे पाइप म्हणजे त्याच्या नाकपुड्या. ढेकर इथून निघतात. पाइप नसते तर त्याचं पोटच फुटलं असतं."

"चल, थापाडे!" म्हणून तिने मला ढकललं. पण रोज त्या वळणावर आली की विचारायची, "आज राक्षस काय जेवला?" आणि मी सांगायची. आज बिर्याणी. आज नगरसेवकाचा बूट. असं आमचं चालणं.

एकदा आम्ही फेरी मारून घरी आलो, तर कादझोच्या एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे गेली, तिला पत्ता नाही. भर खडीच्या रस्त्यावरून तशीच आली होती. गल्लीभर हसलो. मी त्याची थाप केली, म्हटलं, राक्षसाने बायकोसाठी पळवली. कादझोच सगळ्यात जास्त हसली.

तिच्या मनात एकच होतं. डिसेंबरात नातीचं लग्न. गिरियामा आज्या लग्नात अनवाणी नाचतात, नुसतं नाचत नाहीत, जमीन खांद्यांनी हलवतात. कादझो तर त्यात राणी. "गोळ्यांनी तोंड कडू झालंय," म्हणायची, "डोकं गरगरतं. मला नाचायचंय, मेजुमा. दवाखान्याच्या बाकावर बसून नातीचं लग्न नाही बघायचं." म्हणून तुंजेने "साखर मुळापासून जाईल" म्हटल्याबरोबर ती पाघळली.

निवड झाल्यावर तर तिची ऐटच बदलली. तुंजेने तिच्यासारखेच आणखी काही जण निवडले, ज्यांचे पाय पोळत नव्हते. एक निवृत्त मास्तर, एक गोदीतला हमाल, दोन-तीन बायका. त्यांना लाल फडकी दिली मनगटाला. आणि सगळ्यांना सांगितलं, दवाखान्याच्या गोळ्या आणून कडुनिंबाखाली पुरा, जिनसाहेब त्यांचं विष शोषतील.

कादझो आपल्या गोळ्यांची पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी दारात आडवी आले.

"अगं ए बाई, डोकं ठिकाणावर आहे का? तो तुंजे पेंबाचा नाही. तो फेरीबोटीजवळ मोबाइलची कव्हरं विकायचा. मला एक फाटकं कव्हर विकलंय त्याने!"

"मग आता जिन त्याच्याशी बोलतो. तुला का पोटदुखी?"

"देवराई शेकडो वर्षांची असते, कादझो. हे जंगल आपल्यासमोर लावलं. आपण रोपं ट्रकातून उतरताना बघितली. तिथे खाली पितर नाहीत, जिन नाही, तिथे लोकांच्या गाद्या आहेत!"

"तू राक्षस सांगितलास तेव्हा चाललं?"

"मी राक्षसासाठी कोंबडा मागितला?"

तिने मला बाजूला सारलं. "तुझे पाय पोळले म्हणून जळतेस. मला निवडलंय, तुला नाही. सोड वाट."

खरं होतं, माझे पोळले होते. मीही पाय ठेवून बघितला होता, आणि अशी उडाले होते की कंबर दोन दिवस धरली होती.

त्यानंतर ती माझ्याबरोबर चालायची थांबली. चालायचं कशाला, ती आता उभी राहायची. रोज, वाफाळत्या मातीवर. मी एकटी फेरी मारायची, लांबून बघायची. आणि तेव्हाच एक गोष्ट माझ्या नाकाला खटकली. टोकाच्या वळणावरची घाण गेली होती. पाइप तिथेच होता, झुडपात, पण ढेकर बंद. इतकी वर्षं जो राक्षस ढेकर देतोय, तो तुंजे आल्यापासून गप्प कसा? मी लेसो नाकाला लावायला हात उचलला आणि तसाच राहिला.

माती मात्र दिवसेंदिवस तापत होती. आधी ज्योत विझल्यावर गार व्हायची. आता नुसता हात लावला तरी चटका, आणि भेगांतून धूर. तुंजे म्हणायचा, जिनसाहेब प्रसन्न होतायत.

माझी ब्लडप्रेशरची पाळी आली तशी दवाखान्यात गेले. न्येवूचा चेहरा दमलेला होता, म्हटलं पोरीला जरा हसवावं. हाताला पट्टा बांधून घेता घेता मी सगळी कहाणी मीठमसाला लावून सांगितली. माझा ढेकर देणारा राक्षस, जिनाची नोटीस, बकारीची उडी, कोंबड्याचा चेंदा, आणि कादझो विस्तवावर उभी राहून पिठाची काळजी करते.

न्येवू हसली नाही. पट्ट्यातली हवा तशीच सोडून दिली.

"पोळत नाही तिला? अजिबात?"

"अजिबात."

"आजी, तिची चप्पल कधी पायातून गळून पडली आणि तिला कळलं नाही, असं झालंय का?"

माझं तोंड उघडंच राहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. साखर खूप वर्षं वाढलेली राहिली की पायातल्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, मग काहीच येत नाही. काटा बोचत नाही, चटका कळत नाही. ते पाय पवित्र नाहीत, आजी, बधिर आहेत. त्याने सगळ्यात जास्त आजारी माणसं निवडून काढलीयत आणि त्यांनाच आगीवर उभं करतोय." तिने गळ्यातली नळी टेबलावर टाकली. "चला. आत्ताच्या आत्ता."

आम्ही पोचलो तेव्हा सोहळा रंगात आला होता. निवडलेले मातीवर उभे, लाल फडकी हलतायत. कादझो मधोमध.

न्येवू गर्दीतून सरळ पुढे गेली. वस्तीची डॉक्टर, लोकांनी वाट दिली. तुंजेने चवरी उडवली. "यावं, यावं! विज्ञानबाईसुद्धा आल्या जिनसाहेबांकडे!"

"आले," न्येवू म्हणाली. "मलाही जिनाची परीक्षा बघायची आहे. प्रोफेसर, परवानगी आहे?"

गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? "परवानगी आहे! जिनसाहेब कुणाला घाबरत नाहीत!"

न्येवूने निखारे लांब न्यायला लावले. निवडलेल्यांना मातीवरून उतरवून रांगेत गवतावर बसवलं, पाय पुढे, डोळ्यांवर लेसो बांधून. मग एका बाईच्या काखेतल्या काळ्या कोंबड्याचं एक पीस उपटलं. कोंबड्याने शिवी दिली.

"मी तळव्याला पीस लावीन. लागलं की 'हो' म्हणायचं. एवढंच."

मास्तरांच्या तळव्यावरून पीस फिरवलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मास्तर गप्प. हमालाच्या. गप्प. कादझोच्या. ती लेसोखालून म्हणाली, "अगं पोरी, सुरू कर ना आता."

न्येवू पीस फिरवतच होती.

मग ती वळली. "बकारी, तुझी श्रद्धा कच्ची ना? बस इथे. डोळे मीट." पीस तळव्याला लागतं न लागतं तोच बकारी "हीहीही! सोड, सोड!" करत लोळला. मागून आणखी तिघा-चौघा कच्च्यांना बसवलं. सगळे गुदगुल्यांनी उडाले. गर्दी हसायला लागली, खूप हसली. आणि मग हळूहळू हसणं थांबलं. एकेकाच्या लक्षात यायला लागलं की ज्यांना चटका लागतो त्यांनाच पीस लागतं. आणि ज्यांना काहीच लागत नाही, ते रांगेत डोळे बांधून बसलेत, अजून वाट बघत, की परीक्षा कधी सुरू होतेय.

"तळवे बघा," न्येवू म्हणाली. तिने कादझोचा उजवा पाय उचलून गर्दीकडे केला.

मी बघितलं. देवा. टाचेची कातडी पांढरी सुटून लोंबत होती, मधे काळं पडलेलं. आणि अंगठ्याखाली सोड्याच्या बाटलीचं झाकण, आत रुतलेलं, दातांसकट. किती दिवस ती ते घेऊन चालत होती कोण जाणे.

कादझोने लेसो वर केला. "काय झालं? का गप्प झाले सगळे?"

तुंजेला घाम फुटला होता, पण जीभ चालू होती. "तो शिक्का आहे! जिनसाहेबांचा शिक्का!"

"किसुमूच्या कारखान्यातला शिक्का?" मी ओरडले. "झाकणावर लिहिलंय, वाच!"

कुणीतरी हसलं. बकारी उठून अंग झाडत म्हणाला, "प्रोफेसर, एक विचारू? आम्हाला सगळ्यांना अनवाणी आत आणलंत. तुमच्या पायात गाडीच्या टायरची चप्पल का?"

सगळ्यांच्या नजरा खाली. तुंजेच्या पायात दोन बोटं जाड टायरच्या वहाणा. आणि इतके दिवस कुणी बघितल्या नव्हत्या. सगळे वर बघत होते ना, चवरीकडे.

"माझं तेज जिनसाहेबांना सहन होत नाही, म्हणून..."

"काढ," बकारी म्हणाला. "काढ आणि उभा राहा."

तेवढ्यात मी झुडपात शिरले. माझ्या नाकाचं ऐकायचं ठरवलं होतं. पांढऱ्या पाइपच्या तोंडात नारळाचं सोडण गच्च ठोकलेलं, वर पिशव्या, वर चिकटपट्टी, जशी मोबाइलच्या खोक्यांना लावतात तशी. जरा पुढचा पाइप, तोही तसाच. मी नखांनी पट्टी सोलली, सोडण ओढलं. राक्षसाने असा ढेकर दिला की मी मागच्या मागे बसले. तीच घाण! इतका आनंद मला अत्तरानेसुद्धा झाला नसता.

"पोरी!" मी ओरडले. "याने नाकपुड्या बुजवल्यात!"

न्येवूने मग सगळ्यांना शांतपणे सांगितलं. खाली कचरा कुजतो, कुजला की गॅस होतो, पेटणारा गॅस. पाइप त्याला वाट द्यायला ठेवलेत. पाइप बुजवले की तो मातीच्या फटींतून वर येतो, कडुनिंबाच्या मुळांशी आला. तुम्ही निखारे टेकवलेत, पेटला. आणि रोज रोज निखारे टेकवून टेकवून खालचा कचरासुद्धा धुमसायला लागला, म्हणून माती तापतेय. "तुमच्या धुपाटण्यांशिवाय हा जिन एक दिवस जगला नसता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आजी, राक्षस सोडला तर तुमची थाप खरी होती."

दोन्ही पाइप मोकळे झाल्यावर तुंजेने शेवटचा डाव म्हणून धुपाटणं टेकवलं. ज्योत आली, पण लहान, मरगळलेली. मग तीही गेली. तुंजे चवरी टाकून पळाला तेव्हा टायरच्या वहाणा फटफट वाजत होत्या. गोळ्यांचा खड्डा लोकांनी उकरला. रिकामा. जिनसाहेबांनी विष शोषलं होतं, डब्यांसकट. पलीकडच्या बाजारात गोळ्या बऱ्या भावाने विकल्या जातात.

आता इथे कहाणी संपली असती तर मी हिची झकास थाप केली असती.

कादझोला आम्ही बकारीच्या टुकटुकात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. पोचताना ती फक्त म्हणाली, "सगळ्यांसमोर माझा घाणेरडा पाय दाखवलात." विष वर चढलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हमालाची बोटं गेली. मास्तर वाचले नाहीत, आणि त्यांच्या मयतीला लोक म्हणाले, वय झालं होतं.

आणि वस्तीला अक्कल आली म्हणता? थोड्यांना आली. बाकीचे म्हणाले, मेजुमाने पाइप उघडला, जिनसाहेब निघून गेले. तुंजेचं काय? किनाऱ्याने वर दुसऱ्या गावात आहे, ऐकते. आता नाव बदललंय, प्रोफेसरचे डॉक्टर झालेत.

लोकांचं सोडा, मला काही वाटत नाही. पण कादझोसुद्धा तेच म्हणते.

मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत नेते. धुमसणारा भाग आता कुंपण घालून बंद केलाय. मी ढकलते, ती बसते. एके सकाळी त्या वळणावर आलो, घाण आली, मी नाकाला लेसो लावला. तिने नाही लावला. म्हणाली, "त्या पोरीने पीस लावलं नसतं तर जिनाने माझा पाय राखला असता. पिसाने बाटला तो."

मी भांडायला तोंड उघडलं. आयुष्यभर तिच्याशी भांडलेय. पण ती माझ्याकडे बघत होती ना, तेव्हा मला कळलं. जिन खोटा म्हटला, तर तिने पाय फुकट दिला. फसवून घेऊन, हसत, पिठाची काळजी करत दिला. एवढं ओझं त्या खुर्चीत मावत नव्हतं. मी तोंड मिटलं.

डिसेंबरात लग्न झालं. ढोल असे वाजले की पत्रे थरथरले. आज्या पदर खोचून उतरल्या, खांदे हलायला लागले, धूळ उडाली. कादझो मांडवाच्या कडेला खुर्चीत, मांडीवर भाताचं ताट, तोंडावर हसू. नात येऊन गळ्यात पडली, तिने आशीर्वाद दिला. मी शेजारी बसले होते. माझी नजर खाली गेली. उरलेला पाय तालावर हलत होता. टाच वर, टाच खाली. बरोब्बर तालात.

मी हात खाली नेऊन त्या तळव्यावर बोट फिरवलं. हळूच. टाचेपासून अंगठ्यापर्यंत.

तिने खाली बघितलं नाही. ती नाचाकडे बघत होती.

म्हणून सांगते, ही थाप नाही. घरात कुणाला साखर असेल तर रोज त्याचे तळवे बघा. स्वतःचे दिसत नसतील तर दुसऱ्याकडून बघून घ्या, लाजू नका. एक पीस फिरवा. काही लागलं नाही तर दवाखान्यात जा, झाडाखाली नको. जमिनीतून आग निघाली तर आधी विचारा, खाली काय पुरलंय आणि तोंड कुणी बुजवलंय. आणि जो तुम्हाला चपला काढायला सांगतो, त्याच्या पायात काय आहे तेवढं एकदा वाकून बघा. वाकायला काही लागत नाही. आम्ही सगळे एवढे जण होतो तिथे, आणि कुणी वाकलं नाही.